हाडे, सांधे आणि स्नायू : दुखण्याचे निदान कसे होते ?

(आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या तालुका आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



आरोग्याच्या मेळाव्यात बोलण्यासाठी डॉक्टरांऐवजी माहिती खात्यातील एक अधिकारी उभा राहिलेला पाहून आपणांस थोडे नवल वाटले असेल. मी वैद्यकाचा पदवीधर नाही. माझे शिक्षण कलाशाखेचे. शासनाच्या सेवा आणि योजना लोकांना समजतील अशा शब्दांत सांगणे, हे माझे काम. या कामासाठी फिरताना सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यांत बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. कोणाचा गुडघा सुजलेला, कोणाची कंबर धरलेली, कोणाचा हात गळ्यात अडकवलेला. त्यांच्या मांडीवर हमखास एक मोठे पाकीट असते. "काय झाले आहे ?" असे विचारले की उत्तर येते, "फोटो काढलाय." "फोटोत काय निघाले ?" या पुढच्या प्रश्नाला मात्र बहुधा उत्तर नसते. दुखणे आपले, पाकीटही आपले. परंतु त्यातील मजकूर तेवढा परका, अशी ही स्थिती आहे. ती थोडी तरी बदलावी, या हेतूने मी आज आपल्यासमोर उभा आहे. मी जे सांगणार आहे ते जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. त्याचा उपयोग घरच्या घरी रोग ठरविण्यासाठी करावयाचा नसून डॉक्टरांशी नीट बोलता यावे यासाठी करावयाचा आहे.

एका 'साफ' फोटोची गोष्ट

या विषयाकडे मी वळलो त्याला घरचे एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीची पाठ दुखू लागली. खुरपणीचे दिवस होते, तेव्हा उसण भरली असेल असे सर्वांनी ठरविले. तेल चोळून झाले, विटेचा शेक झाला, पायाळू माणसाचा पाय लावून झाला. महिन्याने एका ठिकाणी पाठीचा फोटो काढला, तो 'साफ' आला. त्या एका शब्दावर आम्ही पुढचे तीन महिने विसंबून राहिलो. संध्याकाळी तिला कणकण वाटे, ती उन्हाची म्हणून सोडून दिली. तिचे वजन उतरत होते, ते कामामुळे असे म्हटले. रात्री पाठीची कळ तिला झोपू देत नसे, त्यावर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. चौथ्या महिन्यात पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि चालताना पाय लटपटू लागले, तेव्हा आम्ही हादरलो.

पुन्हा फोटो काढला. या वेळी दोन शेजारच्या मणक्यांच्या कडा झिजलेल्या आणि मधली जागा अरुंद झालेली दिसली. एमआरआय तपासणीत मणक्यांभोवती साचलेला पू आणि मज्जारज्जूवर पडलेला दाब दिसून आला. सुईने तेथील नमुना काढून तपासला आणि निदान झाले : पाठीच्या कण्याचा क्षय. वर्षभर न चुकता औषधे घेऊन बहीण बरी झाली. ती आज चालते, स्वयंपाक करते, शेतावरही जाते. पाठीला मात्र थोडा बाक राहिला आहे. तो बाक पाहिला की मला ते तीन महिने आठवतात.

पहिला फोटो चुकीचा होता काय ? नव्हता. हाडातील खनिजाचा बराचसा भाग, सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक, नाहीसा झाल्याशिवाय साध्या क्ष-किरण चित्रात फरक उमटत नाही. रोग तेव्हा नुकताच सुरू झालेला होता. फोटोला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. प्रत्येक तपासणीला काही गोष्टी दिसतात, काही दिसत नाहीत. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

पहिली तपासणी यंत्राविना

निदानाचा आरंभ यंत्राने होत नाही. रुग्णाची हकीकत ऐकणे आणि हाताने तपासणे, ही पहिली पायरी होय. दुखणे केव्हा सुरू झाले, पडल्यानंतर की आपोआप ? काम केल्यावर वाढते की विश्रांतीने वाढते ? एकच सांधा दुखतो की दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी सुजतात ? सकाळी उठल्यावर आखडलेले सांधे किती वेळाने सुटतात ? हा शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण फार मोलाचा आहे. वयोमानाने झिजलेला गुडघा सकाळी काही मिनिटांत मोकळा होतो आणि दिवसभराच्या कामाने दुखू लागतो. आमवातात मात्र सांध्यांच्या आतील अस्तराला दाह होतो, त्यामुळे सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो आणि हालचालीने कमी होतो.

यानंतर डॉक्टर सांधा हलवून, दाबून पाहतात. कंबरेतून पायात कळ जात असेल, तर रुग्णाला उताणे निजवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतात. विशिष्ट उंचीवर पायात कळ गेली, तर मणक्यांमधील गादीचा नसेवर दाब असावा, असा अंदाज बांधता येतो. लहान मुलाला खाली बसवून उठावयास सांगतात. ते मूल स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहत असेल, तर कंबरेचे व मांडीचे स्नायू दुबळे आहेत हे क्षणात कळते. अशा तपासणीला वीज लागत नाही, वेळ मात्र लागतो. यास्तव डॉक्टरांना हकीकत क्रमाने आणि खरी सांगावी. तेल चोळले, हाडवैद्याकडे गेलो, दुकानातून गोळ्या घेतल्या, हे लपवू नये.

क्ष-किरण : सर्वांत जुना सोबती

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या अज्ञात किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या शोधाचे एकस्व मात्र त्यांनी घेतले नाही. आज लहान रुग्णालयातही हाडाचा फोटो निघू शकतो, त्यामागे या औदार्याचाही वाटा आहे.

हाडात कॅल्शियम असते, ते किरणांना अडविते, म्हणून हाड पांढरे दिसते. मांसातून किरण बरेचसे आरपार जातात, म्हणून ते करडे दिसते. हाड मोडले असल्यास, सांधा निखळला असल्यास किंवा गुडघ्यातील दोन हाडांमधील अंतर घटले असल्यास ते फोटोत कळते. एकाच बाजूने घेतलेल्या चित्रात मोड लपू शकते, म्हणून समोरून आणि बाजूने असे निदान दोन फोटो काढतात. पैसे वाढविण्यासाठी दोन काढले, असा संशय घेऊ नये.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. अस्थिबंध, स्नायू, गादी, नस यांपैकी काहीही साध्या फोटोत नीट दिसत नाही. तळहातावर पडल्यानंतर मनगटातील एका लहान हाडाला गेलेली चीर पहिल्या दिवशी दिसतेच असे नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढल्यावर ती दिसू शकते. हाडात पू होऊ लागला असता पहिल्या दहा-बारा दिवसांत फोटो निर्दोष येऊ शकतो. म्हणून "फोटो साफ आहे" याचा अर्थ "फोटोत आज काही दिसत नाही" इतकाच घ्यावा. दुखणे तसेच राहिले, तर पुन्हा दाखवावयास जावे.

किरणांचे भय अनेकांना वाटते. माती, खडक, आकाश यांतून आपल्या शरीराला रोजच थोडे किरण मिळत असतात. छातीच्या एका फोटोतून मिळणारी मात्रा ही सुमारे तीन दिवसांच्या अशा नैसर्गिक मात्रेइतकी, तर हाताच्या किंवा पावलाच्या फोटोतील मात्रा काही तासांइतकीच असते. गरज असताना फोटो टाळणे हे त्या मात्रेपेक्षा अधिक घातक होय. स्त्री गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास मात्र तिने फोटोपूर्वीच तसे सांगितले पाहिजे.

येथे हाडवैद्यांविषयी एक शब्द. गावोगावी या मंडळींवर लोकांचा विश्वास आहे. तथापि हाड मोडले की नाही, मोडले तर कोठे आणि कसे, हे फोटोवाचून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. बांबूच्या कामट्या अतिशय आवळून बांधल्यामुळे रक्तप्रवाह बंद पडून हात किंवा पाय काळा पडल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या पाहण्यात येतात. तेव्हा आधी फोटो, मग उपचार, हा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर मोडू नये.

सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफी

साध्या फोटोत पुढची-मागची हाडे एकमेकांवर पडलेली दिसतात. ही अडचण इंग्लंडमधील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी दूर केली. त्यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ मध्ये त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक पावाच्या कापांप्रमाणे शरीराचे आडवे छेद दाखवितो. सांध्यात शिरलेली गुंतागुंतीची मोड, मणक्याचे तुकडे, खुब्याची मोड यांसाठी ही तपासणी उत्तम. तीत किरणांची मात्रा साध्या फोटोपेक्षा पुष्कळ अधिक असल्यामुळे ती कारणाशिवाय करू नये.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. बलाढ्य चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साह्याने शरीरातील पाण्याच्या कणांकडून संदेश मिळविले जातात आणि त्यांची चित्रे बनतात. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना या कार्याबद्दल २००३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. गादी, मज्जारज्जू, गुडघ्यातील अस्थिबंध व कूर्चा, हाडाच्या आतील मगज, सुरुवातीचा पू हे सारे येथे दिसते. रुग्णाला एका अरुंद बोगद्यात अर्धा तास किंवा अधिक वेळ न हलता पडून राहावे लागते. ठोकल्यासारखा मोठा आवाज होत राहतो. हे आधी सांगितले तर माणूस घाबरत नाही. मंगळसूत्र, जोडवी, केसांतील पिना, घड्याळ, सारे बाहेर काढून ठेवावे लागते. हृदयात पेसमेकर बसविला असेल, मेंदूतील रक्तवाहिनीला चाप लावलेला असेल, अंगात पट्टी-स्क्रू असतील किंवा वेल्डिंग अथवा लोहारकाम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते आधीच सांगितले पाहिजे. हा सावधपणा जिवाशी निगडित आहे.

परंतु एमआरआयचे चित्र म्हणजे अंतिम निकाल, अशीही समजूत करून घेऊ नये. पाठीचे काहीही दुखणे नसलेल्या माणसांच्या मणक्यांची चित्रे घेऊन केलेल्या अनेक अभ्यासांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशी वर्षांच्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज आढळली. या लोकांना दुखत मात्र काहीच नव्हते ! केस पांढरे होतात तशा गाद्याही झिजतात. म्हणून अहवालात 'गादी सरकली आहे' असे वाचून हातपाय गाळू नयेत आणि केवळ त्या वाक्यावर शस्त्रक्रियेचा विचारही करू नये. चित्र आणि दुखणे यांचा मेळ बसतो की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदरपण आठवते. परंतु खांद्यातील स्नायुबंध फाटणे, सांध्यात पाणी साचणे, तान्ह्या बाळाचा खुबा जागेवर नसणे, या गोष्टीही ध्वनिलहरींनी तपासता येतात. तीत किरण नसतात आणि सांधा हलत असतानाच तो पाहता येतो. हाडाच्या आत मात्र तिला डोकावता येत नाही.

ठिसूळ हाडे आणि हाडांचा स्कॅन

पाळी थांबल्यानंतर स्त्रियांच्या हाडांतील खनिज वेगाने घटते. काही दुखत नाही, काही जाणवत नाही आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होऊन खुबा मोडतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी यासाठी आहे. अगदी अल्प किरणांत खुबा आणि कंबर यांची घनता मोजून ती तरुण निरोगी व्यक्तीच्या घनतेशी ताडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरविलेल्या मापाप्रमाणे उणे १ पर्यंतचा आकडा चांगला, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडे ठिसूळ. मेळाव्यात टाचेवर यंत्र लावून सांगितलेला आकडा हा केवळ प्राथमिक अंदाज असतो. त्यावरून औषध सुरू करू नये.

हाडांचा आणखी एक स्कॅन असतो. त्यात टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य अल्प प्रमाणात शिरेतून देतात. हाडात जेथे घडामोड अधिक, तेथे ते अधिक जमते. कर्करोग हाडांत पसरला आहे काय, हे पाहण्यासाठी याचा उपयोग होतो. या द्रव्याचा जोर सहा तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.

रक्ताची साक्ष

रक्ततपासणी ही कोर्टातील साक्षीदारासारखी आहे. तिचे म्हणणे ऐकावे, पण एका साक्षीवर निकाल देऊ नये. 'ईएसआर' म्हणजे नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात याचे माप. ते वाढले तर शरीरात कोठेतरी दाह आहे, एवढेच कळते. तो आमवाताचा, क्षयाचा की साध्या जंतुसंसर्गाचा, हे त्यावरून ठरत नाही. पंडुरोग, गरोदरपण आणि उतारवय यांतही ते वाढते. 'सीआरपी' हे माप दाहाबरोबर लवकर वाढते आणि लवकर उतरते, त्यामुळे उपचाराला यश येते आहे की नाही, हे पाहण्यास ते उपयोगी पडते.

आमवाताची तपासणी म्हणून ओळखला जाणारा 'आरए फॅक्टर' काही निरोगी माणसांतही, विशेषतः वृद्धांत, सापडतो. उलट आमवात असलेल्या काही रुग्णांत तो सापडत नाही. 'अँटी-सीसीपी' ही तपासणी त्याहून नेमकी. यूरिक अ‍ॅसिड वाढलेले असूनही वातरक्त न झालेली माणसे पुष्कळ आहेत, आणि अंगठा लाल होऊन ठणकत असताना नेमके त्याच वेळी रक्तातील प्रमाण योग्य येऊ शकते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि अल्कलाइन फॉस्फेटेज यांवरून मुडदूस व हाडांचा मऊपणा यांचा माग लागतो. स्नायूंना इजा झाली की 'क्रिएटिन कायनेज' रक्तात उतरते. मघाशी सांगितलेल्या, मांड्यांवर हात टेकून उठणाऱ्या मुलात ते कित्येक पटींनी वाढलेले आढळल्यास स्नायूंच्या आनुवंशिक दुबळेपणाचा संशय येतो आणि पुढे जनुकांची तपासणी करतात. मात्र आदल्या दिवशी पोती उचलली असतील किंवा दंडात इंजेक्शन घेतले असेल, तरीही हे माप वाढते. म्हणून तेही सांगावे.

सांध्यातील पाणी, नमुना आणि नसांची तपासणी

एखादा सांधा अचानक सुजला, लाल झाला आणि ताप आला, तर सुईने त्यातील पाणी काढून तपासणे हाच खरा मार्ग. त्या पाण्यात जंतू आहेत की यूरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक, हे सूक्ष्मदर्शकाखाली उलगडते. "सांध्यातले वंगण काढून घेतात" अशी भीती लोकांत आहे. ती निराधार आहे. पू झालेला सांधा तसाच ठेवला, तर थोड्याच दिवसांत कूर्चा नष्ट होते, ती पुन्हा येत नाही. तीच गोष्ट हाडातील नमुन्याची. "सुई लावली की रोग पसरतो" या ऐकीव भीतीने आमच्या घरीही दोन दिवस गेले. नमुना तपासल्यामुळेच क्षय की कर्करोग हे ठरले आणि योग्य औषध मिळाले.

हाताला मुंग्या येतात, बोटांतील जोर कमी होतो, अशा वेळी नसांमधून संदेश किती वेगाने जातो, हे विजेच्या सौम्य धक्क्यांनी मोजतात. ईएमजी तपासणीत बारीक सुई स्नायूत घालून त्यातील विद्युत हालचाल टिपतात. थोडे टोचते, परंतु दोष नसेत आहे की स्नायूत, याचा उलगडा होतो.

आपल्या राज्यातील दोन उदाहरणे

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठ होत जातात. भारतात या हाडांच्या विकाराची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यातून प्रसिद्ध झाली. याची प्राथमिक चाचणी आपण सर्वजण गावातच करू शकतो. गुडघे न वाकवता जमिनीवरचे नाणे उचलता येते काय ? हनुवटी छातीला टेकते काय ? हात बाजूला पसरून, कोपरात दुमडून डोक्यामागे नेता येतात काय ? एकाच विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिणाऱ्या अनेकांना हे जमत नसेल, तर ते वयाचे दुखणे म्हणून सोडू नये. अशा रुग्णाच्या हाताच्या फोटोत हाडे अधिक दाट आणि कोपराखालच्या दोन हाडांमधील पडद्यात खनिज साचलेले दिसू शकते. लघवीतील फ्लोराइडही मोजतात. परंतु सर्वांत महत्त्वाची तपासणी माणसाची नसून पाण्याची ! लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य आणि दुसरा स्रोतच नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. २००८-०९ पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ग्रामपंचायत सदस्यांनी पाण्याच्या नमुन्याचा आग्रह धरला, तर पुढची पिढी या दुखण्यापासून वाचेल.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत हातापायांची हाडे वारंवार ठणकणारी मुले आढळतात. तेथे केवळ हाडांचा फोटो काढून भागत नाही. बोटातील थेंबभर रक्ताची विद्राव्यता चाचणी आणि ती सदोष आल्यास हिमोग्लोबिनचे पृथक्करण करून मूल रुग्ण आहे की केवळ वाहक, हे ठरवावे लागते. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आरंभी साधा फोटो येथेही 'साफ' येतो आणि एमआरआयमध्ये दोष दिसतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले आहे.

केव्हा थांबावे, केव्हा थांबू नये ?

साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत कमी होते. शक्य तेवढी हालचाल सुरू ठेवावी. पहिल्याच आठवड्यात महागड्या तपासणीचा हट्ट धरू नये. परंतु पुढील लक्षणे दिसली तर एक दिवसही दवडू नये :

ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी कळ. पायांतील जोर कमी होणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा. पूर्वी कर्करोग झालेला असणे. तापासह सुजलेला सांधा. चालणाऱ्या मुलाने एकाएकी पाय टेकण्यास नकार देणे. वृद्ध व्यक्तीला पडल्यानंतर उभे राहता न येणे.

या रुग्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि आवश्यकतेनुसार वैद्यकीय महाविद्यालय अशा मार्गाने पुढे पाठविले जाते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. क्षयाचे निदान व औषधे शासनाकडून मोफत मिळतात, आणि पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ झाला. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. हाडाचा क्षय फुप्फुसात नसला तरी तो क्षयच होय, आणि त्या रुग्णालाही हा लाभ मिळतो.

चार साध्या सवयी

शेवटी आपणांस चार गोष्टींची विनंती करतो. पहिली, सर्व फोटो आणि अहवाल तारखेप्रमाणे एका पिशवीत जपून ठेवा. जुना फोटो शेजारी ठेवला, तरच नव्यात काय बदलले ते कळते. दुसरी, तपासणी लिहून मिळाली की नम्रपणे विचारा, "डॉक्टर, यातून काय कळणार आहे ? आणि त्याने उपचारात काय फरक पडेल ?" हा प्रश्न विचारण्याचा आपणांस हक्क आहे. तिसरी, अहवाल चांगला आला आणि दुखणे राहिले, तर दुखण्यावर विश्वास ठेवा आणि परत जा. चौथी, स्वयंसेविका भगिनींसाठी : घरातील बाई "पाठ दुखते" असे सहज बोलून गेली, तर तिला कणकण येते काय, तिचे वजन उतरले काय, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारा.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपण म्हणतो. माझ्या बहिणीचे दुखणे मुंगीच्या पावलांनीच आले होते, आणि ती पावले ओळखण्यास आम्हांला चार महिने लागले. तुमच्या गावात कोणाच्या घरी असे महिने वाया जाऊ नयेत, यासाठी ही हकीकत मी आपणांस सांगितली. आपण ती घरोघर पोहोचवाल, असा मला विश्वास वाटतो.